उजव्या अंगठ्याचे नख

५ जानेवारी

तीर्थरूप ताईस,
दहाही नखांसहित साष्टांग नमस्कार.

तुझे घड्याळ सुखरूप पोहोचले. रुग्णसेवेच्या पस्तीस वर्षांत तुझ्या छातीवर उलटे लटकून ज्याने सहस्रावधी नाड्या मोजल्या, ते आता स्वतःच नाडीहीन होऊन माझ्या पुढ्यात निपचित पडले आहे. ‘सावकाश कर, घाई नाही’ अशी चिठ्ठी तू सोबत जोडली आहेस. घाई करण्याजोगी परिस्थितीच उरलेली नाही. सहधर्मचारिणीने दुकानाला कुलूप ठोकले असून किल्ली अशा ठिकाणी दडवली आहे, जिथे मी तीस वर्षांच्या संसारात कधी हात घातलेला नाही, अर्थात स्वयंपाकघरात.

प्रकृतीचा वृत्तांत असा. उजव्या छातीतली गाठ आणि त्याच काखेतल्या काही ग्रंथी काढून झाल्या. पुरुषाच्या छातीत कर्करोग क्वचितच होतो, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आयुष्यात प्रथमच कोणीतरी मला दुर्मीळ म्हटले, म्हणून क्षणभर मी सुखावलोदेखील. आता केमोच्या सहा फेऱ्या, दर तीन आठवड्यांनी एक. पैकी पहिली परवा पार पडली. सहाही वेळेवर झाल्या पाहिजेत, मध्ये खंड नको, असे त्यांनी मला तीनदा बजावले. घड्याळजीला वेळेचे महत्त्व पटवून देणारी ही पहिलीच विदुषी.

त्या खोलीत बारा खुर्च्या आहेत. अकरांवर स्त्रिया आणि बाराव्या खुर्चीवर तुझा बंधू. माझ्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळून विचारले, “पत्नीला सोडायला आलात का?” मी म्हणालो, “नाही, मीच तो.” तेव्हापासून माझे नाव ‘मीच तो’ असे पडले आहे.

या औषधाचा नखांवर विशेष राग असतो म्हणे. ती काळवंडतात, सैल होतात, प्रसंगी गळूनही पडतात. म्हणून सलाईन चालू असताना हातांत गोठवलेले मोजे चढवतात. गारठ्याने बोटांतल्या रक्तवाहिन्या आखडतात आणि औषध नखांपर्यंत कमी पोहोचते, असे त्यामागचे शास्त्र. दृश्य मात्र असे दिसते की एखाद्या अस्वलाला अटक करून खुर्चीत बसवले आहे.

सूचनापत्रकात ‘नखे आखूड ठेवा’ अशीही आज्ञा आहे. मी नऊ नखे तत्काळ कापली. दहाव्यापाशी कात्री थबकली. उजव्या अंगठ्याचे नख हे आमच्या गुरुपरंपरेचे भूषण आहे, हे तू जाणतेसच. घड्याळाचे मागचे झाकण सुरीने उघडतो तो कसाई, नखाने उघडतो तो घड्याळजी, असे गुरुजी सांगत. चौतीस वर्षांत माझ्या हातून एकाही झाकणावर ओरखडा उमटलेला नाही. असे नख कापणे म्हणजे शिरच्छेद. तूर्त त्याला अभय दिले आहे.

तुझा दुर्मीळ बंधू

१२ जानेवारी

शास्त्रीबुवा,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसले. मग परत वाचलं आणि हसले नाही.

ते नख आजच्या आज काप. अभय कसलं देतोस? लांब नख कुठेतरी अडकतं, उचकटतं आणि खाली जागा झाली की जंतू आत शिरतात. तुझ्या पांढऱ्या पेशी फेरीनंतर आठ-दहा दिवसांनी तळाला जाणार. त्या वेळी एवढासा पू तुला दवाखान्यात झोपवेल आणि पुढची फेरी लांबेल. शिवाय उजव्या काखेतल्या ग्रंथी काढल्यात. त्या हाताला साधं खरचटलेलंही चालणार नाही, हे मी दवाखान्यातून निघताना तुला सांगितलं होतं. तू तेव्हा भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे म्हणून तक्रार करत होतास.

मोजे दोन्ही हातांत. औषध सुरू व्हायच्या पंधरा मिनिटं आधीपासून संपल्यावर पंधरा मिनिटांपर्यंत. मध्ये गरम झाले की बदलून माग. नखांच्या कडेची कातडी ओढायची नाही. दिवसातून दोन-तीनदा मलम. हात पाण्यात भिजत ठेवायचे नाहीत आणि तुझं ते घड्याळं धुवायचं पेट्रोल तर लांबच. नख दुखलं, उचललं गेलं, खालून ओलं दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना. स्वतःचं डोकं चालवायचं नाही.

मी आले असते, पण महिन्यापूर्वी बदललेल्या गुडघ्याला अजून जिना मान्य नाही.

ताई

२७ जानेवारी

तीर्थरूप ताईस,
नऊ आखूड व एका ज्येष्ठ नखासहित साष्टांग नमस्कार.

तुझे आज्ञापत्र शिरोधार्य मानून मी ते भिंतीवर चिकटवले. सहधर्मचारिणी येताजाता त्यातली वाक्ये तुझ्या आवाजात म्हणून दाखवते.

दुसरी फेरी यथासांग झाली. मोज्यांविषयी निश्चिंत अस. गारठ्याने हात असे बधिर होतात की ते माझेच आहेत याचा पुरावा मागावासा वाटतो. परंतु व्रत म्हणजे व्रत.

मुख्याध्यापिकाबाईंनी आपल्या पिशवीतून गडद जांभळे नेलपॉलिश काढले. प्रकाशापासून नखांना आडोसा मिळतो आणि काळवंडलेले दिसतही नाही, असे त्या म्हणाल्या. मी विनयपूर्वक नकार दिला. त्यावर त्या म्हणाल्या, “हात पुढे.” ताई, चाळीस वर्षे शाळा चालवलेल्या स्त्रीने ‘हात पुढे’ म्हटले की पुरुषाचा हात आपोआप पुढे होतो, त्याला छडीची स्मृती असते. आता माझी नखे जांभळी आहेत. दूधवाल्याने ती पाहिली आणि दुधाचे भांडे उंबऱ्याबाहेरच ठेवून निघून गेला.

उपकाराची फेड म्हणून मी बाईंचे बंद पडलेले मनगटी घड्याळ चालू करून दिले. तेथील परिचारिकेचेही घड्याळ दिवसाला सहा मिनिटे पुढे पळत होते, तेही ताळ्यावर आणले. परिणामी त्या खोलीत माझी प्रतिष्ठा वर्धिष्णू आहे. पुढच्या खेपेसाठी तीन घड्याळे रांगेत आहेत.

तुझे घड्याळ मात्र कपाटात शांतपणे पडून आहे. मी बरा झालो की बघू.

तुझा जांभळा बंधू

३ फेब्रुवारी

शास्त्रीबुवा,

दुकानाला कुलूप आहे. घरी तुझी बायको तुला हत्याराला हात लावू देत नाही. मग बाईंचं घड्याळ दुरुस्त केलंस कुठे?

आणि ‘ज्येष्ठ नख’ काय? अजून कापलं नाहीस?

एक कर. कोरा कागद घे, दोन्ही हात त्यावर ठेव आणि भोवतीने पेन्सिल फिरव, लहानपणी फिरवायचो तशी. प्रत्येक बोटावर त्या नखाचा खरा रंग लिही. पॉलिश पुसून. पुसायला ॲसिटोन नसलेलं द्रव वापर. कागद मला पाठव.

विनोद पाठवलास तरी चालेल, पण कागदाबरोबर.

ताई

१० मार्च

तीर्थरूप ताईस,
नखांच्या संख्येविषयी तूर्त मौन बाळगून साष्टांग नमस्कार.

विलंबाबद्दल क्षमस्व. मध्यंतरी तिसरी आणि चौथी फेरी होऊन गेली. जिभेला कशाचीच चव लागत नसल्याने बुद्धीलाही शब्दांची चव येईनाशी झाली होती.

आज्ञेप्रमाणे करद्वयाचा नकाशा सोबत जोडला आहे. डाव्या हाताची पाचही नखे: गुलाबी. त्यांवर आडव्या पुसट चरी उमटल्या आहेत, एका फेरीमागे एक. ज्याला आयुष्यभर तासांच्या खुणा मोजायची सवय त्याच्या नखांवरच खुणा उमटाव्यात, हा नियतीचा उपरोध मी भिंगातून रोज पाहतो. उजव्या हाताची चार: थंड झालेल्या चहाच्या रंगाची. अंगठा: काळपट, किंचित् शिथिल.

या विषमतेची मीमांसा मी केली आहे. उजवा हात कर्ता, डावा बघ्या. जो कष्ट करतो तोच झिजतो. हा सृष्टीचा न्याय नखांनाही लागू असावा. अंगठ्याच्या नखाविषयी चिंता नसावी. ते सुटू पाहत होते, पण मी ते सुरक्षित केले आहे. थोडे ठणकते, इतकेच.

पाचवी फेरी अठ्ठावीस मार्चला. मग एकच उरेल.

तुझा मीमांसक बंधू

१४ मार्च

गाढवा,

औषध रक्तातून जातं. त्याला डावं-उजवं कळत नाही. डावा हात गुलाबी आणि उजवा चहासारखा, याची मीमांसा एकच: मोजा फक्त डाव्या हातात होता. सलाईन डाव्या हाताला, म्हणून तो जागेवर. उजवा मोकळा ठेवून तू त्या खुर्चीत बसून लोकांची घड्याळं दुरुस्त करत होतास. म्हणून दुकान बंद असूनही तुझी प्रतिष्ठा वाढत होती.

आता मुद्द्याचं. नख ‘सुरक्षित केलं’ म्हणजे काय केलंस? कशाने? ते ठणकतंय म्हणजे खाली काहीतरी साचतंय. हे पत्र मिळेल त्या क्षणी उठ आणि दवाखान्यात जा. वाचून संपवूही नकोस.

अजून वाचतोयस?

ताई

१८ मार्च

ती. ताईंना,
नमस्कार.

तुमचं पत्र काल आलं, पण त्याआधीच, परवा, ह्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. एकशे दोन ताप आणि उजवा हात कोपरापर्यंत लाल. पांढऱ्या पेशी अगदी खाली गेल्या होत्या. शिरेतून अँटिबायोटिक चालू आहे. डॉक्टर म्हणतात वेळेत आणलंत, आणखी एक दिवस गेला असता तर अवघड होतं.

अंगठ्याचं नख काढलं. खाली पू होता. नख वरून काचेसारखं चकाकत होतं, म्हणून मी विचारलं, हे काय लावलंय. तर म्हणाले, “घड्याळाची काच बसवायचा गोंद. दोनच थेंब. पाण्यातसुद्धा सुटत नाही.” एकशे दोन तापात, ताई, आणि अभिमानाने! गोंद, चिमटा, भिंग सगळं चष्म्याच्या घरात लपवलं होतं. मी चष्म्याचं घर कधी उघडून बघितलं नाही. चष्मा नाकावर, मग घरात काय आहे, एवढंसुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही. दवाखान्यातल्या परिचारिकेला सांगितलं होतं की उजव्या हाताला गारठ्याने मुंग्या येतात, म्हणून मोजा नको. तिचं घड्याळ दुरुस्त केल्यामुळे तिनेही फार ताणलं नाही. आता तीच रडतेय.

पाचवी फेरी पुढे गेली. कधी होईल ते हात बरा झाल्यावर सांगणार.

आणखी एक. सांगू की नको, असं झालं होतं. कपडे बदलताना ह्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात तुमचं घड्याळ सापडलं. बाकीच्यांची घड्याळं किरकोळ होती, पाच-पाच मिनिटांच्या कामाची. गेल्या दोन फेऱ्यांत ते तुमचंच करत होते. सहावी फेरी झाली की तुम्हाला चालू करून पाठवायचं होतं म्हणे.

तुमची भावजय

२२ मार्च

बाळा,

हे पत्र तुझी बायको तुला वाचून दाखवेल. तिला म्हणावं, मध्ये थांबू नकोस.

ते घड्याळ आठ वर्षं माझ्या कपाटात बंद पडलं होतं. मला ते नको होतं. तुझं दुकान बंद झालं, हात रिकामे राहतील, डोकं नको तिथे जाईल, म्हणून पाठवलं. पस्तीस वर्षं लोकांच्या नातेवाइकांना सांगत आले की रोग्याला काय द्यायचं आणि काय नाही. आणि स्वतःच्या भावाला काय दिलं, तर मोजा काढायचं निमित्त.

तुझा कागद माझ्यासमोर आहे. डाव्या हाताच्या रेघेत अंगठा जरा वाकडा आलाय, लहानपणी यायचा तसाच.

या खेपेला विनोद नको. नुसतं बरा आहेस, एवढं लिही.

ताई

२ एप्रिल

ताई,
नमस्कार. नऊ नखं.

डाव्या हाताने लिहितोय. मोठे शब्द या हाताला येत नाहीत, तेव्हा आज साधंच.

बरा आहे. ताप गेला. हाताची सूज उतरली. पाचवी फेरी अकरा एप्रिलला, सहावी दोन मेला. दोन आठवडे मागे पडलो. एवढं मागे पडलेलं घड्याळ मी गिऱ्हाइकाला कधी दिलं नसतं.

तुला ते नको होतं हे मला ठाऊक होतं. पहिल्यांदा उघडलं तेव्हाच कळलं. आतलं तेल वाळून राळ झालं होतं. आठ वर्षं कुणी चावी दिली नव्हती. का पाठवलंस तेही कळलं. तुझा दोष नाही. ‘दोन्ही हातांत’ असं तू लिहिलं होतंस. मी वाचलं, हसलो आणि एकाच हातात घातला.

मोजे घातले की मी बारा खुर्च्यांपैकी एक. भिंग डोळ्याला लावलं की घड्याळजी. तासभर का होईना. तो तास सोडवेना. भीती वाटते ताई. पण भिंगातून एवढं लहान काही बघत बसलं की ती मावत नाही तिथे.

एक अडचण आहे. चौथ्या फेरीला डॉक्टरीणबाई अचानक आल्या. मी घाबरून झाकण दाबून बंद केलं. आत एक सुटा स्क्रू राहिला आहे. घड्याळ हललं की तो चाकांत जाईल. झाकण उघडून तो काढायला हवा. बायको हात लावायला घाबरते. दुसऱ्या घड्याळजीकडे मी देणार नाही. माझं नख गेलं.

तुला दहा आहेत.

७ एप्रिल

शास्त्रीबुवा,

मला दहा आहेत, पण परिचारिकेची आहेत. पस्तीस वर्षं बोटाच्या टोकाच्या आत कापलेली. त्यांनी शेंगेचं टरफलसुद्धा निघत नाही. माझ्याकडे ड्रेसिंगची कात्री आहे. तिने तुझ्या झाकणावर ओरखडा पडेल. चालेल का ते तू ठरव.

अकराला सकाळी येते. गुडघ्याला विचारलं नाही. दोन्ही मोजे मी घालणार, मीच काढणार.

ताई

५ ऑक्टोबर

तीर्थरूप ताईस,
दहा, होय, दहाही नखांसहित साष्टांग नमस्कार.

उजवा हात पुनश्च पदारूढ झाला असल्यामुळे मोठे शब्दही स्वगृही परतले आहेत. त्यांच्या अनुपस्थितीत मी जे काही लिहिले, ते डाव्या हाताचे वैयक्तिक मत समजावे. मी त्याच्याशी असहमत नाही.

काल डॉक्टरीणबाईंनी तपासले. सहा फेऱ्या पूर्ण होऊन पाच महिने झाले. सर्व काही ठीक. “आता तीन महिन्यांनी या,” म्हणाल्या. इतकी दूरची वेळ मला कोणीतरी पहिल्यांदाच दिली.

नखाचा अहवाल पुढीलप्रमाणे. मार्चपासून मी त्याची वाढ सूक्ष्ममापकाने मोजत आलो आहे. दरमहा अडीच मिलिमीटर. इतका मंद काटा मी कुठल्याच घड्याळात पाहिला नव्हता आणि ज्याला चावी देऊन घाई करता येत नाही, असाही हा पहिलाच. परवा तो अंगठ्याच्या टोकाला पोहोचला. सहधर्मचारिणी मागे उभी राहून पाहत होती. मी कात्री घेतली आणि परंपरेचे ते भूषण बोटाच्या टोकाच्या आत कापून टाकले. शिरच्छेद झाला. शीर जागेवर आहे. झाकणे उघडायला बोथट पात्याची सुरी आणली आहे. गुरुजी जिथे असतील तिथे त्यांनी कृपया मान वळवावी.

अकरा एप्रिलचा तो प्रसंग इतिहासात नोंदला जावा म्हणून इथे लिहून ठेवतो. तू साक्षीदार असलीस तरी तुला विनयामुळे आठवणार नाही. मी खुर्चीत, दोन्ही हात गोठवलेल्या मोज्यांत, त्यावर तुझा पहारा. परिचारिकेने तुला निर्जंतुक ट्रे दिला. मुख्याध्यापिकाबाईंनी मोबाईलचा उजेड धरला. उरलेल्या दहा जणी आपापल्या खुर्च्यांतून माना उंचावून पाहत होत्या.

“कुठे घालू टोक?”

“फटीत. हळू. उजवीकडे.”

“तुझ्या उजवीकडे की माझ्या?”

“घड्याळाच्या!”

“घड्याळाला उजवं असतं? तुझ्या हाताला तरी होतं का इतके दिवस?”

यावर अकरा स्त्रिया हसल्या. आणि त्याच क्षणी कात्री सटकली. कर्रर्र असा तो आवाज झाला, ताई, तो मी आयुष्यात कधी माझ्या टेबलावर होऊ दिला नव्हता. तुझा चेहरा उतरला. झाकण मात्र उघडले आणि स्क्रू ट्रेमध्ये टणकन पडला. तू म्हणालीस, “ओरखडा पडला रे.” मी तोंड भिंतीकडे वळवले. तुला वाटले मी रागावलो. माझे हात मोज्यांत होते. डोळे पुसायला काही साधन नव्हते.

घड्याळ सोबत पाठवत आहे. नवे तेल घातले, चाके स्वच्छ केली, महिनाभर तपासले. दिवसाला चार सेकंद मागे पडते. तेवढे राहू दे.

एका गोष्टीबद्दल मात्र दुरुस्तीशास्त्राचे सर्व नियम मोडले आहेत. झाकणावरचा तो ओरखडा बोटाच्या पेराएवढा लांब आहे. घासून काढायला मला दहा मिनिटे लागली असती. पॉलिशचे फडके हातात घेतलेही होते. माझ्या नखांवरच्या चरी वाढीबरोबर पुढे सरकत गेल्या आणि कापल्या गेल्या. शेवटची गेल्या महिन्यात. आता माझ्या अंगावर त्या दिवसांचे दाखवण्याजोगे काही उरलेले नाही.

म्हणून तो ओरखडा तसाच ठेवला आहे. घड्याळ छातीवर लावलेस की तो आतल्या बाजूला येईल.

तुझा
मीच तो